'अलिप्ततावाद' कुणाचा? आणि युद्धाची 'रंगभूमी'

दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे. दोन शब्दांपाशी गाडी अडली. १९३०च्या दशकातल्या अमेरिकेच्या 'आयसोलेशनिझम'ला मी 'अलिप्ततावाद' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी समासात लाल पेनाने लिहिलं, "इथे नेहरू कुठून आले?" दुसरा शब्द 'पॅसिफिक थिएटर', म्हणजे प्रशांत महासागरात जिथे जिथे युद्ध चाललं तो सगळा टापू. 'प्रशांत महासागराची रंगभूमी' लिहून पाहिलं, तर कानात तिसरी घंटाच वाजली. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद

काकांचं बरोबर आहे. मराठीत अलिप्ततावाद म्हटलं की १९६१ची बेलग्रेड परिषद, नेहरू, नासर, टिटो. तो शब्द आता त्यांच्या नावावर चढलाय. आणि अर्थही उलटा आहे. अलिप्त भारत घरात बसला नव्हता; कोरियातल्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला १९५३मध्ये नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते. गट नको, पण जगाच्या उठाठेवी हव्यात, असा तो प्रकार. अमेरिकेचा पवित्रा 'कोणाच्या अध्यात ना मध्यात' असा होता. १९१९मध्ये सिनेटने व्हर्सायचा तह फेटाळला, त्यामुळे राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्समध्ये) अमेरिका गेलीच नाही. १९३५पासून तटस्थतेचे कायदे आले, लढणाऱ्या कोणत्याही देशाला शस्त्रं विकायला बंदी. १९४०मध्ये निघालेली 'अमेरिका फर्स्ट' समिती हा त्याचा कळस.

शिवाय 'अलिप्त' ही मराठीत शाबासकी आहे, कमळाच्या पानावरचं पाणी वगैरे. दार लावून बसलेल्याला ती कशाला द्यायची? मी 'विलगतावाद' लिहीन.

प्रतिसाद

'तटस्थता' का नको? कायद्याचं नावच ते होतं ना.

प्रतिसाद

कायद्याला तटस्थताच म्हणा. पण तटस्थता ही युद्धातली कायदेशीर अवस्था, स्वित्झर्लंडची असते तशी. विलगतावाद ही मनोवृत्ती. आणि तीही सोयीची! याच अमेरिकेचे मरीन १९३३पर्यंत निकाराग्वात आणि १९३४पर्यंत हैतीत ठाण मांडून होते. विलग राहायचं ते युरोपच्या भांडणांपासून. शेजारच्या अंगणात वावर चालूच.

'विलगतावाद'मध्ये एक गंमत मात्र सांभाळा. ५ ऑक्टोबर १९३७ला रूझवेल्ट शिकागोत म्हणाले की आक्रमक देशांना रोग्यांसारखं 'क्वारंटाइन' करावं. करोनापासून त्याला आपण विलगीकरणच म्हणतो. म्हणजे विलगतावाद्यांच्या देशाचा अध्यक्ष दुसऱ्यांचं विलगीकरण करा म्हणतोय! तुमच्या लेखात ते भाषण असेल तर तिथे सरळ 'क्वारंटाइन' ठेवा, नाहीतर वाचक गोंधळेल.

प्रतिसाद

थिएटरबद्दल. 'रंगभूमी' ऐकून हसू येतं, पण 'रंग' या शब्दाचा दोष नाही. रामरक्षेत 'रणरंगधीरं' म्हणतो तेव्हा कोणाला नाटक आठवतं? रंग म्हणजे आखाडा, रिंगण, रंगमंच. लहानपणी दिवेलागणीला मी ते 'रणरंग धीरं' असं तोडून म्हणायचो आणि आजी थांबवायची. तर 'रणरंग' हा शब्द घरातच आहे. जरा पोशाखी वाटतो, हे कबूल; रोजच्या गद्यात 'रणक्षेत्र' चालेल.

फक्त 'आघाडी' लिहू नका. आघाडी म्हणजे फ्रंट, ती थिएटरच्या पोटात येते. यशवंत घाडगे १९४४मध्ये आणि नामदेव जाधव १९४५मध्ये, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीत. जाधवांचंच घ्या. रणक्षेत्र भूमध्य सागराचं, आघाडी इटलीची, आणि प्रत्यक्ष रणभूमी म्हणजे सेनिओ नदीचा काठ. तिन्हीला 'आघाडी' म्हटलं तर नकाशाच हरवतो.

मूळ प्रश्न विचारणारी

आभार. 'विलगतावाद' आणि 'रणक्षेत्र' घेतले. 'चीन-ब्रह्मदेश-भारत रणक्षेत्र' लिहून पाहिलं, नीट बसतंय. काकांना पुन्हा पान दाखवलं. या वेळी लाल पेन एकदाच उठलं: मी 'पर्ल हार्बर'च्या पुढे '७ डिसेंबर १९४२' लिहिलं होतं. १९४१ केलंय.