मदत हवी आहे: डेअरडेव्हिल आणि महापौर फिस्क, वाचनक्रम

चार्ल्स सोल यांनी लिहिलेल्या ‘डेअरडेव्हिल’ या मार्व्हलच्या कॉमिक मालिकेत अंक 28 नंतर थेट 595 येतो. मधलं काही गहाळ नाही, मार्व्हलने 2017 मध्ये जुनी क्रमसंख्या परत आणली एवढंच. पण डेअरडेव्हिलचा जुना शत्रू, गुन्हेगारी सम्राट विल्सन फिस्क (किंगपिन) न्यूयॉर्कचा महापौर होतो म्हणून 595 पासूनच वाचायला घेतलं तर घोटाळा होतो. मॅट मर्डॉक (मुखवट्यामागचा डेअरडेव्हिल, पेशाने वकील) याची ओळख पुन्हा गुप्त कशी झाली ते 17 ते 20 मध्ये आहे, तर मुखवटा न काढता साक्ष देण्याचा न्यायालयीन लढा 21 ते 25 मध्ये. हा लढा वगळला की फिस्क मुखवटेधाऱ्यांच्या मागे का लागतो आणि मॅटलाच उपमहापौर का करतो, यातली धार बोथट होते.

सोल यांच्या अंक 612 नंतर चिप झडार्स्की यांच्या ‘डेअरडेव्हिल’चे 1 ते 36, मग फिस्कवरच्याच ‘डेव्हिल्स रेन’ मालिकेचे 6 अंक, इथवर ठीक. अडतंय ते पुढे:

डेअरडेव्हिलचाच मुखवटा घेतलेल्या एलेक्ट्राच्या ‘वुमन विदाउट फिअर’चे 3 अंक या सहा अंकांमध्ये नेमके कुठे बसवायचे? आणि डेअरडेव्हिल कोण आहे ही आपली स्मृती पुसली गेली आहे हे फिस्कला कोणत्या अंकात उमगतं?

अंक क्रमांकासह सांगा, कृपया.