वॉलिंगफर्ड: २४०० हाईड आणि तटबंदीचा हिशेब

नकाशावेडा
थेम्सकाठच्या वॉलिंगफर्डबद्दल विचारायचं आहे. बर्गल हायडेज या तटबंद गावांच्या सॅक्सन यादीत या गावापुढे २४०० हाईड (जमिनीच्या करआकारणीचं एकक) लिहिले आहेत, विंचेस्टरपुढेही तेवढेच. विंचेस्टरचा आकडा तिथल्या रोमन तटाच्या लांबीशी जवळजवळ जुळतो. वॉलिंगफर्डला मात्र मातीचा तट तीनच बाजूंना आहे, पूर्वेला नदी. नकाशावर तीन बाजू मोजल्या तर दोन किलोमीटरच्या आसपासच भरतात. हिशेब कुठे चुकतोय? शिवाय गावाची आखणी इतकी चौकोनी आहे की मूळ रोमनच वाटते. तसं म्हणावं का?

जुनी_दफ्तरं
चूक बहुतेक 'एकर' या शब्दाशी होते. यादीच्या एका प्रतीला जोडलेलं सूत्र असं: एक 'एकर-रुंदी' तट राखायला १६ हाईड, प्रत्येक हाईडमागे एक माणूस, म्हणजे तटाच्या दर पोलला (साडेसोळा फुटांना) चार माणसं. इथे एकर हे क्षेत्रफळ नाही, लांबी आहे: चार पोल, म्हणजे ६६ फूट. आता मांडून बघा:

२४०० ÷ १६ = १५०
१५० × ६६ = ९९०० फूट, सुमारे ३०१७ मीटर

माणशी सव्वा मीटर तट येतो. तुमच्या तीन बाजूंत नदीकाठ मिळवला की आकडा बराच जवळ येतो. नदीकाठ सोडून कसं चालेल? डेन लोकांचं (व्हायकिंग हल्लेखोरांचं) बळच होड्यांत होतं आणि वेसेक्सचा राजा आल्फ्रेडने ८८० च्या दशकात ही ठाणी उभारली ती त्यांच्याच धास्तीने. नदी पायी ओलांडता येते ती उताराची जागा राखणं हे तर वॉलिंगफर्डचं मुख्य काम.

दुसरी गफलत हाईडची. एक हाईड म्हणजे १२० एकर असं धरून गावाचं क्षेत्र काढायला जाऊ नका. हाईड हे शेतसाऱ्याचं एकक आहे. २४०० हाईड आसपासच्या मुलखावर बसवलेले, गावाच्या आत नव्हेत. तटाच्या आतली जागा साधारण ४० हेक्टर आहे.

आणि प्रतींचं भान ठेवा. सूत्र असलेली मूळ हस्तलिखित प्रत १७३१ च्या आगीत गेली, आपल्या हाती आहे ती लॉरेन्स नोवेलने १५६२ मध्ये केलेली नक्कल. ऑक्सफर्डचा आकडा प्रतीप्रमाणे बदलतो, त्यामुळे कुठल्याही एका गावावरून सूत्र खरं-खोटं ठरवू नये.

नकाशावेडा
एकर लांबी म्हणून वाचायचा, हे लक्षातच आलं नव्हतं. पण मग १००६ मध्ये डेन सैन्याने हेच गाव जाळलं, ते कसं?

जुनी_दफ्तरं
तट स्वतः लढत नाही. २४०० माणसं खेड्यांतून वेळेवर येऊन तटावर उभी राहिली तरच हे गणित चालतं. शतकभराने ती शिस्त टिकली नसावी, असं माझं मत.

थेम्सकाठ
रोमन प्रश्नाबद्दल. रोमन काळातल्या किरकोळ वस्तू सापडतात, पण रोमन तट नाही. काटकोनातले रस्ते आणि चौकोनी तट ही आल्फ्रेडच्या काळातली आखणी. क्रिकलेड आणि वेअरहॅमलाही रोमन तट नसताना चौकोन दिसतोच. विंचेस्टरला जुना तट आयता मिळाला, इथे माती नव्याने रचावी लागली.

ईशान्य कोपऱ्यातल्या किल्ल्यामुळेही घोटाळा होतो. तो नॉर्मन आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीहून चालून आलेल्या विल्यमला लंडनचा पूल जिंकता आला नाही, म्हणून तो साउथवर्क जाळून पश्चिमेकडून वळसा घालत आला आणि इथे थेम्स ओलांडली. आर्चबिशप स्टिगंड त्याला इथेच शरण आला. त्यानंतर त्याचा सरदार रॉबर्ट डॉयलीने किल्ला बांधला, तोही वस्ती उठवून. विल्यमने करवलेल्या १०८६ च्या डूम्सडे या जमीन-नोंदीत, पूर्वी राजाच्या जमिनीवर २७६ घरजागा होत्या आणि किल्ल्यासाठी ८ पाडल्या, असं स्पष्ट आहे. म्हणून त्या कोपऱ्यातली सॅक्सन रेषा आजच्या खंदकांवरून मोजू नका.

गावाचा खरा कस लागला तो इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या स्टीफन आणि मटिल्डाच्या यादवीत. ११४२ च्या हिवाळ्यात मटिल्डा वेढ्यातल्या ऑक्सफर्डमधून निसटली ती बर्फावरून चालत अॅबिंग्डनला आणि तिथून इथे, तिच्या बाजूने किल्ला राखणाऱ्या ब्रायन फिट्झकाउंटच्या आश्रयाला. स्टीफनने पलीकडच्या काठावर, क्रोमार्शला, वेढ्याची गढी बांधली तरी किल्ला पडला नाही. ११५३ मध्ये दोन्ही सैन्यं इथे समोरासमोर आली, सरदारांनी लढायला नकार दिला आणि तहाची बोलणी सुरू झाली. राजा झाल्यावर मटिल्डाच्या मुलाने, दुसऱ्या हेन्रीने, ११५५ मध्ये गावाला सनद दिली.

पूल_आणि_पेठ
एवढं नावाजलेलं गाव पुढे मागे का पडलं, हेही इथेच लिहून ठेवतो, कारण त्याचं उत्तर पुन्हा नदीच आहे. गावाची मिळकत उताराच्या जागेवर आणि पुलावर होती. १३४८-४९ च्या प्लेगने माणसं नेली, पण प्लेग सगळीकडेच होता. व्यापार तुटला तो १४१६ मध्ये अॅबिंग्डन आणि कलहॅमला पूल झाल्यावर. लंडनहून ग्लॉस्टरकडे जाणारी वाहतूक तिकडून जाऊ लागली आणि वॉलिंगफर्डच्या सुमारे ९०० फुटी दगडी पुलावरची वर्दळ ओसरली. किल्ला तरीही शेवटपर्यंत कामाचा राहिला. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत, १६४६ मध्ये, राजपक्षाच्या अगदी शेवटच्या ठाण्यांबरोबर तो शरण गेला. त्या वेढ्यात पुलाच्या चार कमानी तोडून तिथे उचलता येणारा पूल बसवला होता. १६५२ मध्ये किल्ला पाडून टाकला.

नकाशा मोजणार असाल तर बुलक्रॉफ्ट आणि किनक्रॉफ्ट या पश्चिमेकडच्या दोन मोकळ्या मैदानांपासून सुरुवात करा. तटाच्या आत असूनही तिथे दाट बांधकाम नाही, त्यामुळे मातीचा बांध आणि बाहेरचा खंदक तिथे सलग दिसतो.