डाव्या अंगठ्याचं नख काढायला सांगितलंय, काय काय होतं? (इंदूर)

गिअरवाला
नमस्कार मंडळी. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख दोन्ही बाजूंनी मांसात रुतलंय. पावसाळ्यापासून हेच चालू आहे, गोळ्यांचा कोर्स झाला की बसतं आणि परत पू धरतो. काल सुदामा नगरातल्या सर्जननी बघितलं आणि म्हणाले, नख काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम, लगेच घरी. तिथे मान डोलावून आलो, प्रश्न घरी आल्यावर सुचले. इंजेक्शन खूप दुखतं का? ऑफिसला किती दिवस दांडी? बाईक गिअरची आहे आणि गिअर नेमका त्याच पायानं टाकायचा. बजेट पाच हजारांच्या आत. रंगपंचमी तीन आठवड्यांवर आली आहे, टोरी कॉर्नरच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) मी दर वर्षी असतो, तेही जमेल का सांगा. घरगुती उपाय सगळे करून झालेत, कृपया ते नकोत.

राजवाडा_बॉय
भिया टेन्शन घेऊच नको. मी विजय नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात लेझरनं करून घेतलं. एसी रूम, टीव्ही, वर सूप. बावीस हजार गेले पण काही कळलंसुद्धा नाही. पायाच्या बाबतीत पैसे बघू नयेत.

कमलमावशी
बाळा, नख काढू नकोस. हळद आणि साजूक तूप कोमट करून रात्री बांध. आमच्या ह्यांचं त्यानंच बरं झालं.

गिअरवाला
मावशी, बांधलं. चादर पिवळी झाली, नख तिथेच आहे.

ड्रेसिंगवाली
मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हणून सविस्तर लिहिते. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना भुलीचं इंजेक्शन देतात. सुई टोचते ती एक गोष्ट, पण औषध आत जाताना जी जळजळ होते ती खरी वाईट. ती थोडाच वेळ टिकते. मग अंगठा बधिर होतो. डॉक्टर टोचून विचारतात, तेव्हा दुखत असेल तर खरं सांगा, पुरुष मंडळी उगाच दात आवळून बसतात. नंतर ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. रक्त थांबावं म्हणून अंगठ्याला रबर आवळतात, ते शेवटी आठवणीनं काढलं की नाही हे आमच्याकडे मोठ्यानं म्हणून तपासतात. टाके सहसा नसतात. जाड पट्टी बांधून घरी.

ठणका भूल उतरल्यावर सुरू होतो. वेदनेची गोळी भूल उतरायच्या आधीच घ्या. त्या दिवशी पाय दोन उशांवर, अगदी छातीपेक्षा वर. पाय खाली सोडून बसलात की ठोके मोजता येतील. पहिली पट्टी एक-दोन दिवसांनी बदलतात, ती चिकटते. ओढायची नाही, सलाईननं भिजवून सोडवायची.

आणि डॉक्टरांना एक विचारा: पूर्ण नख काढणार की फक्त रुतलेल्या कडेची पट्टी? कडेची पट्टी काढून तिथल्या मुळाला फिनॉल लावलं तर ती कड सहसा परत उगवत नाही. नुसतं उपटलं तर मूळ शाबूत राहतं आणि नख पुन्हा तसंच येऊ शकतं.

वृषाली_टिळकनगर
फिनाईल?? जखमेवर???

ड्रेसिंगवाली
फिनाईल नाही हो ताई, फिनॉल. फरशीची बाटली घेऊन कुणी बसू नका.

निवृत्त_रसायन
फिनॉल म्हणजेच कार्बोलिक अ‍ॅसिड. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोला मोडलेल्या हाडाच्या जखमेवर हेच वापरलं आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेची वाट तिथून निघाली. इथे त्याचा उपयोग वेगळा, नखाचं मूळ जाळण्यासाठी. मी कॉलेजात बत्तीस वर्षं शिकवलं, हल्लीच्या मुलांना हे माहीत नसतं.

राजवाडा_बॉय
सर, लेझरमध्ये ही भानगडच नाही.

पुणेरी_इंदुरी
माझं पूर्ण नख काढलं होतं, पुण्याला असताना. इंजेक्शन दुखतं, बाकी काही नाही. पण खालची कातडी उघडी पडते ना, ती किती तरी दिवस इतकी हळवी होती की पांघरूण लागलं तरी ओरडायचो. नवीन नख यायला वर्षाच्या वर लागलं. आणि आलं तेव्हा कोपरा पुन्हा आतच. दुसऱ्या डॉक्टरांनी कडा काढून फिनॉल लावलं, तेव्हापासून शांत आहे. पूर्ण काढू नको.

ड्रेसिंगवाली
बरोबर. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे अंगठ्याचं पूर्ण यायला बारा ते अठरा महिने धरायचे. फिनॉलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, दोन-चार आठवडे जखमेतून लस, म्हणजे पातळ पाणी, वाहते. प्रत्येक वेळी तो पू नसतो, घाबरून मनानं अँटिबायोटिक सुरू करू नका. मात्र लाली वर पसरत चालली, ताप आला, वास यायला लागला किंवा कमी होत आलेलं दुखणं उलटलं, तर त्याच दिवशी दाखवा.

पेन्शनर_अन्नपूर्णा
कुणी शुगरचं विचारलंच नाही! माझ्या धाकट्या भावाला मधुमेह, त्यानं एका सलूनमध्ये पेडिक्युरला कोपरा खोल कापून घेतला आणि मग जे चिघळलं ते पार हाडापर्यंत. गिअरवाला, आधी शुगर तपास, तीन महिन्यांची सरासरीवाली पण. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांग, आपल्या मनानं बंद करू नकोस.

गिअरवाला
काका, तपासली, नॉर्मल आहे. रक्ताची गोळी वगैरे नाही.

वृषाली_टिळकनगर
पेडिक्युरला नावं ठेवू नका हं, चांगल्या ठिकाणी चांगलं करतात. नखं गोल कापणारी माणसंच जास्त चुकतात. सरळ कापायची, कोपरे ठेवायचे.

पेन्शनर_अन्नपूर्णा
ताई, माझ्या भावाचा अंगठा मी बघितलाय.

चपलांचा_शौकीन
मूळ दोष बुटांचा. पुढे निमुळते बूट घालून लोक दिवसभर ऑफिसात बसतात. मी तीन वर्षं फक्त कोल्हापुरी घालतो, मीटिंगलासुद्धा. बॉस काही म्हणत नाही.

राजवाडा_बॉय
बॉसला दिसत नसेल, टेबलाखाली असतात.

मालवा_मेडिको
बजेट पाच हजार लिहिलंय ते कुणी वाचलं का? एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत दाखवा, तिथे फार कमीत होईल. आणि दुसरं, जखम थोडीशीच असेल तर रुतलेल्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवून कड उचलून धरतात, पाय रोज कोमट पाण्यात बुडवायचा. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. पण पावसाळ्यापासून पू येतोय म्हणजे तुमची ती वेळ गेली. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही आठवून ठेवा.

कमलमावशी
कापसाची वात मी पण सांगणारच होते. तुपात भिजवून.

पुणेरी_इंदुरी
गेरचं कुणी बोललंच नाही. भाऊ, राजवाड्याच्या त्या गर्दीत निरोगी अंगठासुद्धा शाबूत घरी येत नाही. रंगाचं पाणी, खाली चिखल, वर कुणाचा तरी बूट. यंदा गेर कर, नख नंतर काढ.

निवृत्त_रसायन
सहमत. आधी उत्सव, मग शस्त्रक्रिया. तोवर कापूस.

ड्रेसिंगवाली
मी उलट नाही म्हणत, पण पू असलेला पाय घेऊन त्या पाण्यात उतरणं हेही शहाणपणाचं नाही. एक तर गेर सोडा, नाही तर लांबून बघा.

गिअरवाला
सगळ्यांचे आभार. सर्जनना फिनॉलचं विचारलं. ते म्हणाले, दोन्ही कडा सुजल्यात, मधलं नखही जाड होऊन उचललं गेलंय, आत्ता पूर्ण काढू, परत रुतलं तर तेव्हा कडा जाळू. बहुतेकांचं मत कडांचंच आहे हे कळतंय. पण हे डॉक्टर आमच्या बाबांपासूनचे आहेत, घरापासून चालत जाता येतं आणि आकडा बजेटात बसतोय. येत्या शनिवारी करतोय. गेर रद्द.

पुणेरी_इंदुरी
इतकं लिहिलं ते काय हवेत? असो. वर्षानं भेटू याच धाग्यावर.

ड्रेसिंगवाली
त्यांनी पाय बघितलाय, आपण नाही. मध्ये नख उचललेलं असेल तर पूर्ण काढतातही. येताना घालायला पुढून उघडी, सैल चप्पल घेऊन जा आणि सोबत कुणाला तरी न्या.

गिअरवाला
झालं. इंजेक्शनबद्दल सगळे खरं बोललात, मी चांगलाच ओरडलो, बाहेर बसलेल्या एक आजी उठून गेल्या म्हणे. त्यानंतर खरंच काही नाही, डॉक्टर नख दाखवायला लागले तेव्हा मीच नको म्हटलं. रात्री ठणका होता, उशांनी फरक पडला. पहिली पट्टी अर्धा तास भिजवली तेव्हा सुटली. ऑफिसला चार दिवसांनी गेलो, सँडल घालून, मोजा नाही. घरी बसून काम होत असेल तर त्याहून लवकर जमेल. बाईक अजून बंद, गिअर वर घेताना अंगठ्यावरच येतं, त्यामुळे बायकोची स्कूटर. सगळं मिळून चार हजारांच्या थोडं वर गेलं, ड्रेसिंगचं सामान धरून.

राजवाडा_बॉय
लेझर केलं असतं तर ओरडला नसता.

ड्रेसिंगवाली
लेझरलासुद्धा अंगठा आधी बधिरच करतात दादा, त्याच इंजेक्शननं. तुम्ही सुपाच्या आनंदात विसरलात.

चपलांचा_शौकीन
सँडल कुठली घेतली? पुढून किती रुंद आहे?

वृषाली_टिळकनगर
आणि वहिनी ऑफिसला कशानं जातात मग?