मदत हवी आहे: कुस्कोची विरळ हवा आईला झेपेल का?
मंडळी, मे महिन्यात आईला घेऊन पेरूला चाललोय. लिमा समुद्राकाठी, आणि तिथून विमान तासा-दीड तासात थेट ३,४०० मीटरवर कुस्कोत उतरवतं. आई ६४ वर्षांची, बीपीची गोळी चालू. केदारनाथला रात्रभर डोकं धरून बसली होती. तरी "मला काही होत नाही" हे पालुपद आहेच!

माचू पिचू त्यामानाने खाली, २,४३० मीटरवर. म्हणून विमानतळावरून तडक माचू पिचूच्या वाटेवरच्या ओलांतायतांबो गावी (साधारण २,८०० मीटर) जाऊन दोन रात्री राहायचं, कुस्को शेवटी, असा बेत आहे. कुणी असं केलंय का? गोळ्यांचं डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कोकाच्या पानांच्या चहाने खरंच बरं वाटतं का? आणि कुस्कोत सान ब्लासच्या चढावर खोली घेऊन ठेवलीये, ती बदलू का?