मदत हवी आहे: नकाशात आमच्यावरून रस्ता गेलाय, हरकत कशी घ्यायची? (तातडीचे)

वैतागवाडीकर | सोमवार, रात्री ११:१०
मंडळी, घाईत लिहितोय. आमच्याकडे नकाशा लागलाय आणि त्यात रस्ता थेट आमच्यावरून गेलाय. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, घरी साधा कागद आला नाही. शेजाऱ्याने फोटो पाठवला तेव्हा कळलं. हरकत कुठे द्यायची, फॉर्म असतो का, किती दिवस असतात? कृपया मुद्द्याचं सांगा. 'वकील गाठा' हे मलाही कळतं.

खडूस पोस्टमन | सोमवार, रात्री ११:२४
पत्ता अपुरा. ग्रामपंचायत, नगरपरिषद की महापालिका? 'आमच्यावरून' म्हणजे घरावरून, शेतावरून की सोसायटीच्या मैदानावरून? नोटिशीत कलम कोणतं लिहिलंय? एवढं सांगितलंत तर कोणीतरी मुद्द्याचं सांगेल.

सरपंचांची सून | सोमवार, रात्री ११:४०
दादा, अजिबात घाबरू नका. ग्रामसभेत विषय मांडा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, सात दिवस आधी नोटीस फिरवावी लागते. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. गेल्या वर्षी गावच्या विकास आराखड्यात आम्ही बायकांनी आधी महिला सभेत ठरवून घेतलं आणि मग ग्रामसभेत एकगठ्ठा बोललो. गटारी आणि अंगणवाडीचं छत, दोन्ही बसवून घेतलं. पुरुष मंडळी समाजमंदिरावर अडून बसली होती. बोलल्याशिवाय काही होत नाही बघा.

वैतागवाडीकर | मंगळवार, सकाळी ७:०५
ताई, आभार, पण आमच्याकडे ग्रामसभा नसते. नगरपरिषद आहे. नोटिशीत '२६' असं काहीतरी आहे. आता सांगा.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ७:५०
आता कळलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम २६. म्हणजे अख्ख्या शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झालाय. हरकती-सूचनांना ३० दिवस असतात (बृहन्मुंबईला ६०). हे दिवस राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मोजतात. तुमच्या शेजाऱ्याने फोटो पाठवला त्या दिवसापासून नव्हे. राजपत्राची तारीख काय आहे?

घरी कागद का आला नाही, तर कलम २६ मध्ये घरोघर नोटीस द्यायची तरतूदच नाही. राजपत्र, वर्तमानपत्र, कार्यालयातला फलक, एवढ्यावर भागतं. मंजूर आराखड्यात नंतर कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर मात्र ज्याला झळ बसते त्याला नोटीस द्यावी लागते. म्हणजे एक प्लॉट हलवायचा तर घरी कागद, आणि सगळं शहर हलवायचं तर फलकावर बघा. नोकरीत असताना हे लोकांना समजावून सांगताना मलाच लाज वाटायची.

अर्जबहाद्दर | मंगळवार, सकाळी ९:१५
पहिलं काम, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि रस्ता कोणाच्या सांगण्यावरून आला, त्याची टिपणी मागा. अर्ज १५० शब्दांत, विषय एकच. भले भले सरळ होतात. मी आजवर चाळीसेक अर्ज टाकलेत.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ९:३१
बहाद्दर, उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस, आणि हरकतीची मुदतही ३० दिवस. उत्तर हातात येईल तेव्हा नकाशा फलकावरून उतरलेला असेल. अर्ज टाका, पण हरकत दिल्यावर.

भूखंडपती | मंगळवार, दुपारी १२:०२
कशाला एवढा त्रास? दहा वर्षांत रस्ता झाला नाही तर जागेवरचं आरक्षण आपोआप उठतं. आमच्या मेव्हण्याचं उठलं.

खडूस पोस्टमन | मंगळवार, दुपारी १२:१०
'आपोआप' काही नसतं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षं, मग कलम १२७ ची नोटीस द्यायची, त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. आणि तोवर बारा वर्षं त्या जागेवर बांधकाम परवानगीसाठी कपाळ आपटा. मेव्हण्यांना विचारा किती हेलपाटे घातले.

एकमूठ | मंगळवार, दुपारी १:३०
एकट्याची हरकत कोण वाचतं हो? गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. मजकूर छापून घ्या, खाली नाव आणि सही, पाचशे प्रती. मुंबईचं आठवा. २०१५ च्या मसुद्यात वारसा वास्तू चुकीच्या दाखवल्या, उभ्या इमारतींवरून रस्ते गेले. हजारोंनी हरकती पडल्या आणि सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून नवा करायला लावावा लागला. सुधारित मसुदा आला २०१६ मध्ये. संख्येपुढे सगळे वाकतात.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, दुपारी २:१५
मुंबई वाकली कारण चुका ढळढळीत होत्या, वृत्तपत्रं रोज छापत होती आणि सगळे पक्ष एका सुरात बोलत होते. छापील गठ्ठ्याचं काय होतं ते मी टेबलापलीकडून पाहिलंय. एका मजकुराच्या चारशे हरकती आल्या की यादीत 'समान स्वरूपाच्या' म्हणून एक ओळ पडते आणि सुनावणीला चारशे जणांना मिळून जेमतेम पाच-सात मिनिटं. याउलट ज्याने स्वतःचा सर्व्हे नंबर घालून, नकाशाच्या तुकड्यावर लाल पेनने खूण करून दिलंय, तिथे सुनावणी घेणाऱ्या समितीला थांबून बघावंच लागतं.

एकमूठ | मंगळवार, दुपारी २:२८
म्हणजे लोकांनी एकत्र येऊ नये असं म्हणणं आहे का तुमचं? सरकारी खाक्या जात नाही म्हणतात ते खरं.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, दुपारी २:४०
एकत्र या की! पण चारशे जणांनी चारशे वेगळ्या गोष्टी लिहा. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ऐंशी हजारांच्या वर हरकती आल्या होत्या. शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच महापालिकेच्या हातातून काढून घेतला. कोणाची हरकत कुठे गेली, ज्याचं त्याला ठाऊक.

पार्किंगपीडित | मंगळवार, दुपारी ४:००
विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या सोसायटीबाहेर लोक रात्री टेम्पो लावतात. त्यावर हरकत कुठे घ्यायची?

खडूस पोस्टमन | मंगळवार, दुपारी ४:०३
वेगळा धागा काढा.

हौशी नागरिक | मंगळवार, सायंकाळी ५:४५
अवांतर: पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. फॉर्म भरायचा, प्रभागातलं छोटं काम सुचवायचं. मी बाक सुचवला होता. दोन वर्षांनी बाक आला, फक्त तोंड भिंतीकडे. लोक हल्ली उलटे बसतात, भिंतीला पाय लावून. तरी आला याचंच कौतुक.

वैतागवाडीकर | बुधवार, दुपारी ३:२०
आज जाऊन आलो. नकाशा जिन्याखाली लावलाय. समोर लोखंडी कपाट, त्यामुळे उजवा कोपरा दिसतच नाही, आणि आम्ही नेमके उजव्या कोपऱ्यात. शिपायाने कपाट वीतभर सरकवून दिलं. मोबाइलच्या उजेडात बघितलं. आमची विहीर म्हणजे एक बारीक गोल, आणि रस्त्याची रेघ त्या गोलाच्या बरोबर मधून गेलीये. घराला ओसरीपुरती लागते. राजपत्राची तारीख बघता अजून सहा दिवस आहेत. रस्ता आधी ९ मीटर होता, तो आता १५ केलाय.

निवृत्त ओव्हरसियर | बुधवार, दुपारी ३:२६
थांबा. 'आधी ९ मीटर होता' म्हणजे?

वैतागवाडीकर | बुधवार, दुपारी ३:३०
म्हणजे जुन्या मंजूर आराखड्यात हाच रस्ता ९ मीटरचा आहे. तो सगळ्यांनाच माहिती आहे. घर बांधताना तेवढी जागा सोडलीच होती.

निवृत्त ओव्हरसियर | बुधवार, दुपारी ३:४८
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! 'रस्ता आमच्यावरून गेलाय' आणि 'आहे तो रस्ता सहा मीटरने रुंद केलाय' ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. रस्ताच नको म्हणालात तर समिती म्हणणार, जुनाच आहे, पुढचा घ्या. समोरच्या बाजूला काय आहे?

वैतागवाडीकर | बुधवार, दुपारी ३:५५
मोकळा प्लॉट. बाभळी आहेत.

निवृत्त ओव्हरसियर | बुधवार, सायंकाळी ४:३०
मग झालं की काम. नुसती हरकत नको, सोबत सूचनाही द्या. नगररचना विभागातून त्या भागाच्या नकाशाचा प्रमाणित उतारा विकत घ्या. कायद्याने तो वाजवी किमतीला मिळायला हवा. मोबाइलच्या फोटोवर अवलंबून राहू नका. नकाशाचं प्रमाण बघा. एकास चार हजार असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. रेघ जाड पडली तरी ओसरी गेलेली दिसते आणि प्रत्यक्षात वाचलेली असते, किंवा उलट. उताऱ्यावर घर, विहीर, समोरचा प्लॉट लाल पेनने दाखवा.

मजकूर साधा ठेवा. 'स. नं. अमुक येथील ९ मीटर मंजूर रस्ता १५ मीटर प्रस्तावित केला आहे. त्यामुळे वापरातील विहीर व राहत्या घराचा भाग बाधित होतो. समोरील बाजूस बांधकाम नाही. रुंदी ९ मीटर कायम ठेवावी, अन्यथा संपूर्ण रुंदीकरण समोरच्या बाजूने करावे. समक्ष सुनावणी मिळावी.' एवढंच. अन्याय, षड्‌यंत्र, बिल्डर हे शब्द पोटात असतील तर पोटातच ठेवा.

सुनावणी नियोजन समिती घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. ज्यांनी मुदतीत लिहून दिलंय त्यांनाच बोलावतात, म्हणून सहा दिवस सोन्याचे. तिथे नाही जमलं तर आराखडा पुढे राज्य सरकारकडे मंजुरीला जातो. पण सरकार पुन्हा हरकती मागवतं ते स्वतः मोठे बदल सुचवले तरच. तुमची जुनी हरकत तिथे नव्याने कोणी ऐकत नाही.

अर्जबहाद्दर | बुधवार, सायंकाळी ५:०२
समोरचा प्लॉट कोणाचा आहे ते माहितीच्या अधिकारात काढा. गंमत कळेल.

एकमूठ | बुधवार, सायंकाळी ५:१०
आणि त्या प्लॉटवाल्यानेही हरकत घेतली तर? तेव्हा सह्याच लागतील. बघाच.

वैतागवाडीकर | गुरुवार, दुपारी १:४०
अर्ज घेऊन गेलो. आवक विभागातला माणूस म्हणतो, 'ठेवून जा, शिक्का उद्या'. काय करू? तिथेच उभा आहे.

खडूस पोस्टमन | गुरुवार, दुपारी १:४३
हलू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. नाहीच दिला तर स्पीड पोस्टाने पोहोचपावतीसह आजच टाका. पोस्टाचा शिक्का कोणी उद्यावर ढकलत नाही, हे अनुभवाने सांगतो.

सरपंचांची सून | गुरुवार, दुपारी १:५०
फोटो काढतोय असं दाखवा, लगेच मारतात शिक्का.

वैतागवाडीकर | गुरुवार, दुपारी २:३५
मिळाला. आवक क्रमांक ३१२. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकावर बसून राहिलो, मग साहेब स्वतः म्हणाले, मारून टाका यांना. शिक्का मारून टाका, या अर्थाने. सुनावणीचं पत्राने कळवतील. सगळ्यांचे आभार, ओव्हरसियर काकांचे विशेष.

निवृत्त ओव्हरसियर | गुरुवार, दुपारी २:५०
छान. सुनावणीला मूळ सातबारा किंवा मिळकत पत्रिका न्या. तुमच्याच नावावर आहे ना?

वैतागवाडीकर | गुरुवार, दुपारी २:५८
नाही, थोरल्या काकांच्या नावावर. का?

निवृत्त ओव्हरसियर | गुरुवार, दुपारी ३:०५
हेही आत्ताच सांगताय! असो. हरकत कोणीही घेऊ शकतं, म्हणून निभावलं. पण सुनावणीला काकांना सोबत न्या, किंवा त्यांचं सही केलेलं अधिकारपत्र तरी.

वैतागवाडीकर | गुरुवार, दुपारी ३:११
काका विहिरीवरूनच आमच्याशी सहा वर्षं बोलत नाहीत.

खडूस पोस्टमन | गुरुवार, दुपारी ३:१२
वेगळा धागा काढा.