एक्स-रेची पिशवी : इंदुरात माणूस रस्त्यावर येतो तरी कसा?

मल्हारगंजकर

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या ऑपरेशनसाठी चार रात्री एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या. शेजारी सतरंजी टाकून एक गृहस्थ झोपायचे. साठीचे असतील. दाढी केलेली, शर्ट खोचलेला, हातात कायम एक्स-रेची मोठी पिवळी पिशवी. माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यांनीच विचारलं, "मल्हारगंजातले का?" मी विचारलं, पेशंट कोण? म्हणाले, "मिसेस." तिसऱ्या रात्री थर्मासमधला चहा वाटून घेताना कळलं की मिसेसना जाऊन तीन वर्षं झाली. एक्स-रे तिचाच. तो हातात असला की गार्ड उठवत नाही.

सियागंजात एका घाऊक व्यापाऱ्याकडे 26 वर्षं वह्या लिहीत होते. 2017 मध्ये जीएसटी आला, शेठच्या मुलानं सगळा हिशेब कॉम्प्युटरवर नेला आणि यांना सांगितलं, "काका, येत जा अधूनमधून." मग बायकोचं आजारपण. आधी एफडी मोडली, मग दागिने, मग खोलीचं भाडं थकलं. मूलबाळ नाही. खोली सोडली ती "दोन महिन्यांपुरती", सामान बहिणीकडे. दोन महिन्यांचे आठ झाले, तिथे भाचेसुनेचं बाळंतपण आलं. "मला कुणी जा म्हणालं नाही हो," ते मला म्हणाले, "माझी गादी रोज थोडी थोडी दाराकडे सरकत होती, म्हणून मीच निघालो."

स्वच्छतेत 2017 पासून आपलं शहर पहिलं. 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा, त्याच वर्षी इंदूर भिकारीमुक्त जाहीर. हे गृहस्थ भीक मागत नाहीत, म्हणजे त्या मोजणीतही ते नाहीत. समग्र आयडीवर, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदीवर, जो वॉर्ड आहे तिथलं घर पाडलंय, म्हणजे त्या कागदातूनही गेल्यासारखेच. माझं म्हणणं इतकंच की आपण ज्यांना "फुटपाथवाले" म्हणतो त्यातले बरेच जण तुमच्या-माझ्यासारखे होते, आणि घर जाण्याआधी त्यांचा पत्ता गेला. मतं मांडा.

सुदामानगरचे काका

लिहिलंय छान, पण डोळ्यांत पाणी आणून प्रश्न सुटत नाहीत. मी 37 वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीच फील्डवर. रैनबसेरे, म्हणजे बेघरांसाठीचे रात्र-निवारे आहेत. दीनदयाळ रसोईत 5 रुपयांत थाळी आहे. तरी माणसं रस्त्यावर का झोपतात? कारण रैनबसेऱ्यात पिऊन जाता येत नाही. आणि हे तुमचे गृहस्थ. त्याच सियागंजातले माझे दोन ओळखीचे पन्नाशीत टॅली शिकले. यांना कुणी अडवलं होतं? सिग्नलवर कडेवर पोर घेऊन काच ठोठावणाऱ्या बायका बंद झाल्या, ते चांगलंच झालं. मी तरी निगमला, म्हणजे आपल्या महापालिकेला, शंभर मार्क देतो.

मालवी_मिरची

काका, रात्री वाइन शॉपपुढे लागलेल्या त्या लांबलचक गाड्याही बेघरांच्याच का? घर असलेल्याने प्यायली तर "टेन्शन असतं बिचाऱ्याला", नसलेल्याने प्यायली तर "म्हणूनच रस्त्यावर आला".

व्हाया_पुणे

धाग्याचा विषय महागडं शहर असेल तर इंदूर त्यात बसतच नाही. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीसाठी काय मोजावं लागतं ते विचारा. आमच्या इंदुरात पाच-सहा हजारांत खोली मिळते, पोहे-जलेबीत पोट भरतं. इथे रस्त्यावर यायचं म्हणजे माणसानं स्वतःच बरीच मेहनत घेतलेली असणार.

मल्हारगंजकर

@व्हाया_पुणे, खोली सहा हजारांची धरू. आत शिरायला काय लागतं? एक महिन्याचं ॲडव्हान्स, एक डिपॉझिट, अर्ध्या महिन्याची दलाली. म्हणजे 15 हजार एकरकमी. चोइथराम मंडीत हम्माली करून दिवसाला चारशे-पाचशे पाडणारा माणूस रोज दोनशे बाजूला टाकू शकला तर अडीच महिने लागतील. टाकणार कुठे? खिशात ठेवले तर झोपेत जातात. आणि खोली नाही म्हणजे चूल नाही, रोजचं खाणं विकतचं. शौचालय पैसे देऊन, आंघोळ पैसे देऊन, मोबाईल चार्ज करायला टपरीवर चहा घेऊन बसायचं. सहा हजारांच्या खोलीत राहणाऱ्यापेक्षा याचा महिना महाग पडतो.

शहर महाग आहे की स्वस्त हे सरासरी भाड्यावरून ठरवायचं असतं, असं मलाही वाटायचं.

राजेंद्रनगरची

मी घरमालकीण आहे. वरच्या दोन खोल्या भाड्याने देते. मला वाईट म्हणायचं तर म्हणा, पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला मी खोली देत नाही. भंवरकुआँच्या कोचिंगची पोरं चालतात, आयटीतली जोडपी चालतात. सहा वर्षांपूर्वी एक एकटे गृहस्थ होते, फार सज्जन. एका सकाळी दार उघडलं नाही. पोलीस, पंचनामा, आणि मग त्यांचं म्हणायला कुणी येईना. अंत्यसंस्काराचं आम्हीच केलं, त्याचं काही नाही. पण ते दोन दिवस माझ्या सासूबाई जिन्याखालून जायला घाबरायच्या. भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर त्यांच्या नातेवाइकाचा नंबर होता. तो लागतच नव्हता.

तेव्हा पैसे नसतात म्हणूनच खोली मिळत नाही, असं समजू नका. पैसे असूनही माझ्यासारख्या बायका नाही म्हणतात.

वकील_बाई

थोडं कायद्याचं, कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे.

भीक मागणं आणि बेघर असणं वेगळं. मध्य प्रदेशात भिक्षावृत्ती निवारण कायदा 1973 चा आहे. दिल्लीत लागू असलेल्या तशाच कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये रद्द केली. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला. माणूस भीक मागतो ते गरिबीमुळे, असं म्हणाले.

निवाऱ्याचा हिशेब निराळा. सर्वोच्च न्यायालयाचे 2010 चे आदेश आहेत : शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा, बारा महिने, चोवीस तास. पुढे केंद्राच्या योजनेत तो किमान शंभर जणांचा, माणशी 50 चौरस फूट असा ठरला. 2011 च्या जनगणनेत इंदूर जवळपास 20 लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच 20 निवारे हवेत. आताचा आकडा तुम्हीच धरा. त्याच जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली, देशभरात 17.7 लाख निघाले. व्हरांड्यात एक्स-रेची पिशवी घेऊन झोपलेला माणूस त्या रात्री मोजला गेला असता का, हा प्रश्न मला सतावतो.

मुलांनी घर लिहून घेऊन आईबापाला बाहेर काढलं असेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. ट्रिब्युनल एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे असतं. कलम 23 खाली सांभाळायच्या अटीवर दिलेलं दानपत्र रद्द होऊ शकतं. जानेवारी 2025 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तसं केलंही.

सुदामानगरचे काका

घ्या! कायदा आहे, ट्रिब्युनल आहे, कोर्ट आहे. तरी जायचं नाही आणि व्हरांड्यात झोपायचं. याला काय म्हणणार?

वकील_बाई

काका, माझ्याकडे आलेल्यांपैकी निम्म्या आया कागद पाहून परत गेल्या. "नोटीस मुलाच्या ऑफिसात जाईल का?" हा पहिला प्रश्न असतो. जाईल म्हटलं की पदर सावरून उठतात.

आणि या गृहस्थांना तो कायदा लागूच होत नाही. मूल नसेल तर ज्याला तुमची मालमत्ता मिळणार किंवा ज्याच्या ताब्यात ती आहे, त्या नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो. यांच्याकडे मालमत्ता म्हणजे बहिणीकडचं एक गोदरेजचं कपाट असेल फार तर.

चाळीस_रात्री

हा आयडी फक्त या धाग्यासाठी काढला आहे. मूळचा बुऱ्हाणपूरचा. इंदुरात नोकरी होती, कंपनी बंद पडली, रूममधले दोघे गावी गेले, एकट्याला भाडं झेपेना. चाळीस रात्री मी "बाहेर" होतो. वय 27. घरी रोज फोनवर "रूमवर आहे" सांगायचो. मागे गर्दीचा आवाज आला तर "टीव्ही चालू आहे".

काय काय करायचं ते सांगतो. रात्री दोनपर्यंत सराफ्यातली खाऊगल्ली जागी असते, तिथे फिरायला कुणी हरकत घेत नाही. मग स्टेशन. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपयांचं, दोन तास चालतं, त्यामुळे झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांत. पहाटे चारला मंडीत गाड्या येतात, तिथे गोणी उचलायला माणूस लागतोच. आंघोळ सुलभमध्ये, पण शर्ट वाळवायचा कुठे हा खरा प्रश्न. ओला अंगावर घालून चालत राहायचं. लग्नसराई होती म्हणून कॅटररकडे वाढप्याचं काम मिळालं. जेवण मिळतं, वर मांडवात झोपता येतं. मांडव रात्रीत सोडवला नाही तर.

बूट. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बूट चांगले असेपर्यंत लोक तुम्हाला प्रवासी समजतात. तळ सुटला की नजर बदलते. माझा सव्विसाव्या दिवशी सुटला.

रैनबसेऱ्यात तीनदा गेलो. एकदा जागा नव्हती. एकदा छान झोपलो, घोंगडी स्वच्छ होती, केअरटेकर भला माणूस. तिसऱ्यांदा सकाळी बॅग नव्हती. त्यात आधार, मार्कशीट सगळं. त्यानंतर उघड्यावर पण बॅगेवर डोकं ठेवून. नवीन बॅग म्हणजे कॅटररची कापडी पिशवी.

सुदामानगरचे काका

बाळा, राग नको धरूस. दारू?

चाळीस_रात्री

प्यायलो काका. सहा-सात वेळा. जानेवारी होता. एकदा प्यायल्यावर रात्र एका तुकड्यात गेली.

सुदामानगरचे काका

खरं बोललास, बरं वाटलं. पण माझा मुद्दा तोच आहे. तू हातपाय हलवलेस, बाहेर पडलास. म्हणजे पडता येतं.

चाळीस_रात्री

कॅटररकडच्या एका मुलाच्या भावाची बिचोली हप्सीकडे खोली रिकामी होती. म्हणाला, राहा, भाडं पगार झाल्यावर दे. हातपाय मी एकोणचाळीस दिवस हलवतच होतो.

मालवी_मिरची

काका, आता थोडं 2021 चं बोलू. 29 जानेवारी. निगमच्या कर्मचाऱ्यांनी म्हाताऱ्या निराधारांना डंपरमध्ये बसवलं आणि देवासच्या रस्त्यावर शिप्रा गावाजवळ उतरवलं. ऐन थंडीत. गावकऱ्यांनी व्हिडिओ काढला, आरडाओरडा केला, तेव्हा पुन्हा गाडीत चढवून परत आणलं. उपायुक्त निलंबित झाले, कलेक्टरसाहेबांनी खजराना गणपतीपुढे क्षमा मागितली. शंभरातले किती मार्क कापू?

सुदामानगरचे काका

ते लाजिरवाणं होतं, मी तेव्हाही म्हणालो होतो. पण त्यावरून सगळी व्यवस्था वाईट ठरवायची का? भिकारीमुक्तीच्या मोहिमेत पकडलेल्यांना उज्जैनच्या आश्रमात नेलं, जेवणखाण दिलं, तेही सांगा की. रस्त्यावर राहू द्यायचं म्हणजे दया, आणि उचलून छपराखाली नेलं की जुलूम, हे गणित मला कळत नाही. आणि शेवटी हे काम नातेवाइकांचं. बहीण होती ना त्या गृहस्थांना?

मल्हारगंजकर

बहीण होती, काका. दोन खोल्यांत सहा माणसं आणि एक बाळंतीण. तिला दोष देऊन मी झोपू शकेन, पण तो खरा नसेल.

हुकुमचंद मिलचं, आपल्या कापड गिरणीचं आठवा. 12 डिसेंबर 1991 ला गेट बंद झालं, साडेपाच हजारांवर कामगार. थकबाकीचे 224 कोटी सुटले 25 डिसेंबर 2023 ला. मधल्या 32 वर्षांत ती घरं कुणी चालवली? बहिणींनी, मेव्हण्यांनी, भाच्यांनी. माझ्या मामाची गादी आमच्या ओसरीत अकरा वर्षं होती. तेव्हा मल्हारगंजात ओसरी होती. आता माझ्या दोन बीएचकेत मामा आला तर मी तरी किती दिवस ठेवीन? नातेवाईक वाईट झाले नाहीत, काका, ओसऱ्या गेल्या.

व्हाया_पुणे

ओसरीवाला मुद्दा पटला. स्वस्त शहरवालं माझं वाक्य थोडं मागे घेतो. थोडंच. मुंबई ती मुंबई.

राजेंद्रनगरची

@मल्हारगंजकर, दोन दिवस विचार करून लिहितेय, म्हणून जास्त प्रश्न विचारू नका. वरची मागची खोली मार्चपासून रिकामी आहे. जिना अरुंद आहे, गुडघे कसे आहेत त्यांचे? डिपॉझिट राहू दे. मिस्टरांच्या दुकानाची वही कुणी नीट लिहून दिली तर हवीच आहे, जीएसटीचं सीए बघतो. पण आधारवर पत्ता कुठला आहे? पोलीस व्हेरिफिकेशनला लागेल. आणि रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? नंबर लागणारा हवा.

मल्हारगंजकर

ताई, गुडघे ठीक आहेत, चार मजले रोज चढतात. पत्ता आधारवर नारायणबागेचाच आहे, पाडलेल्या घराचा. तो बदलायला नवा लागेल, म्हणजे तुमचाच. बहिणीचा नंबर मागतो, देतील असं वाटत नाही.

माझा नंबर चालेल का? उद्या घरी विचारून सांगतो.

सुदामानगरचे काका

आधी घरी विचार. मग इथे लिही.

मालवी_मिरची

काका, तुमचा लँडलाइन अजून चालू आहे ना?