पावसाळ्यात कुंड्यांमधून उठणारी काळी चिलटे: माती वाळत नसताना काय करावे?

प्रश्न (ताळगाव)

नमस्कार. आमच्या सदनिकेत बैठकीच्या खोलीत मनीप्लांट, पीस लिली, सिंगोनियम अशा बऱ्याच कुंड्या आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून कुंडीला हात लावला की मातीतून बारीक काळी चिलटे उठतात आणि संध्याकाळी दिव्याभोवती घिरट्या घालतात. ती चावत नाहीत. पिवळे चिकट सापळे लावले. त्यांवर ती भरपूर अडकतात, तरीही संख्या कमी होत नाही. वरची माती पूर्ण वाळू द्यावी, हा सल्ला सगळीकडे मिळतो. परंतु जुलै महिन्यात जिथे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे कुंडीतली माती कशी वाळणार? घरात लहान मूल असल्याने रासायनिक फवारणी नको आहे. रोपे टाकून न देता यातून मार्ग निघेल का?

उत्तर १ (फोंडा)

मार्ग निश्चित आहे. मात्र उडणाऱ्या माशीपेक्षा मातीतल्या अळीकडे लक्ष द्यावे लागेल. ही बहुधा ब्रॅडिसिया या प्रजातीतली बुरशीमाशी असावी. प्रौढ माशी जेमतेम आठ-दहा दिवस जगते, पण तेवढ्यात मादी ओलसर मातीच्या भेगांत शंभराहून अधिक अंडी घालू शकते. अळ्या पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक असतात आणि त्यांचे डोके चकचकीत काळे असते. त्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहून बुरशी, कुजणारी पाने आणि कोवळी मुळे खातात. २४ अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून माशी होईपर्यंत सुमारे १७ दिवस लागतात. त्यामुळे सापळ्यावर आज अडकलेली माशी बहुधा अंडी घालून मोकळी झालेली असते. सापळे काढू नका, परंतु त्यांचा खरा उपयोग संख्या वाढते आहे की घटते आहे हे कळण्यासाठी आहे.

आधी कोणत्या कुंड्यांत अळ्या आहेत ते शोधा. कच्च्या बटाट्याची जाड चकती कापलेली बाजू खाली करून मातीवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उचलून पाहा. अळ्या असतील तर चकतीखाली जमलेल्या दिसतील. सहसा सगळ्या कुंड्या बाधित नसतात, आणि बाधित कुंड्या वेगळ्या ठेवल्या की काम निम्मे होते.

माती वाळण्याबाबत तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कोरड्या प्रदेशातला सल्ला आपल्या पावसाळ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून पाण्याची वेळ दिवस मोजून ठरवू नका. बोट मातीत दोन पेरे घालून ओल जाणवली तर पाणी देऊ नका, मग आठवडा उलटला तरी चालेल. कुंड्या पंख्याच्या वाऱ्यात किंवा खिडकीजवळच्या उजेडात हलवा. पीस लिलीची पाने थोडी मलूल होईपर्यंत थांबले तरी ती पाणी दिल्यावर सावरते. चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, ताक असे काही कुंडीत घालण्याची पद्धत असेल, तर ती पावसाळ्यात थांबवणे फार आवश्यक आहे. त्यावर बुरशी वाढते आणि तीच या अळ्यांचे अन्न होते. निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेल्या रोपांची अडचण अधिक, कारण कोकोपीट वरून सुकलेले दिसले तरी आत पाणी धरून ठेवते.

उत्तर २ (म्हापसा)

वरील उत्तराशी सहमत आहे. तरीही माझ्या मते, केवळ पाणी कमी करून आपल्याकडे गणपतीपर्यंत तरी ही चिलटे हटत नाहीत. त्यासाठी अळीनाशक जिवाणू वापरावा: बॅसिलस थुरिंजेन्सिस, उपप्रकार इस्रायलेन्सिस. डासांच्या अळ्या मारण्यासाठी हाच वापरतात. अळीने तो गिळल्यावर तिच्या आतड्यात त्याचे विषारी प्रथिन सक्रिय होते. माणसाला किंवा रोपाला त्यापासून अपाय होत नाही. खरेदी करताना मात्र डब्यावरचे पूर्ण नाव वाचा. कृषी दुकानांत बहुतेक वेळा कुर्स्टाकी हा उपप्रकार मिळतो. तो पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहे आणि या चिलटांवर त्याचा उपयोग नाही. अंडी व कोषांवर जिवाणूचा परिणाम होत नसल्याने वेष्टनावरील प्रमाणात मिसळलेले पाणी दर आठवड्याने, किमान महिनाभर द्यावे लागते. पहिल्या मात्रेनंतरही माश्या दिसतील, तेव्हा निराश होऊन उपाय सोडू नका.

बरेच जण मातीवर वाळूचा थर घालायला सांगतात. जाड, धुतलेल्या नदीच्या वाळूचा अर्धा-पाऊण इंचाचा थर अंडी घालण्यात अडथळा आणतो, पण किनाऱ्यावरची वाळू कधीही वापरू नका, कारण तिच्यातले मीठ मुळांना मारते.

प्रश्नकर्त्याकडून (ताळगाव)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बटाट्याची चाचणी केली. अळ्या केवळ पीस लिली आणि कोकोपीटमधल्या सिंगोनियममध्ये आढळल्या. वरून पाणी न देता कुंडी पाण्याच्या बशीत ठेवून खालून पाणी दिले तर चालेल का? निंबोळी पेंडीविषयीही मत हवे आहे.

उत्तर १ (फोंडा)

खालून पाणी देणे उत्तम, कारण वरचा थर त्यामानाने कोरडा राहतो. मात्र अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात आणि घरात मूल असताना ते या चिलटांपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक आहेत. निंबोळी पेंड चांगले खत आहे, परंतु ओल्या हवेत मातीवर पसरली की तिच्यावरच बुरशी धरते. ती पाऊस सरल्यावर मातीत मिसळा. सिंगोनियम तर आत्ताच बदलून घ्या: मुळांभोवतीचे कोकोपीट झटकून धुवा, माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा यांच्या मिश्रणात ते लावा, आणि जुने कोकोपीट घरात न ठेवता पिशवीत बांधून बाहेर टाका.